लुगडं निवडणारे पुरुष

सीतेला काय नेसवायचं?

१८४३ साली विष्णुदास भाव्यांपुढे जे प्रश्न उभे राहिले, त्यांत हाही एक असणारच. कर्नाटकातल्या भागवत मंडळींनी आदल्या वर्षी सांगलीत येऊन खेळ केले होते. संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी ते पाहिले, आणि असाच पण याहून नेटका खेळ मराठीत बसव, असं भाव्यांना सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं. मराठी रंगभूमीची जन्मतारीख म्हणून आपण ती पाठ केली, पण त्या रात्री स्वयंवराला उभी राहिलेली सीता मुलगा होती, हे सांगायचं बहुधा राहून जातं. बायका रंगमंचावर येणं त्या काळात शक्यच नव्हतं. म्हणजे सांगलीत नाटकाच्या पहिल्याच रात्री कुणीतरी पुरुष दुसऱ्या पुरुषाच्या मागे उभा राहून त्याचा काष्टा खोचत होता आणि जनकाच्या लेकीला काय शोभेल याचा विचार करत होता.

मिथिलेची राजकन्या काय नेसत होती, हे सांगलीत कुणाला ठाऊक असणार? मग उत्तर जवळचंच निघतं. सणासुदीला मोठ्या वाड्यातली सून जे नेसते, तेच सीतेनं नेसायचं. पुढं कित्येक वर्षं मराठी नाटकातल्या बहुतेक पौराणिक बायका नऊवारीतच वावरल्या, मग ती सीता असो, द्रौपदी असो की स्वर्गातली मेनका. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघर पोचल्या, तेव्हा त्यातल्याही कितीतरी बायका नऊवारी नेसलेल्या होत्या. नटांनी चित्रं पाहिली, चित्रकारांनी नाटकं पाहिली, आणि दोघांनी मिळून एक बाई घडवली.

या प्रकरणाचा विषय ती बाईच आहे. ‘मी बाई म्हणून जन्मलो असतो, तर काय नेसलं असतं?’ हा प्रश्न बहुतेक पुरुषांच्या मनात आयुष्यभर येत नाही, आणि आला तर ते तो हसण्यावारी नेतात. पण सातारा-सांगलीच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या काही पुरुषांना या प्रश्नाचं उत्तर रोज अंगावर घालून द्यावं लागलं. नाटकात स्त्रीभूमिका करणाऱ्या स्त्रीपार्टीनं दिलं, तमाशातल्या नाच्यानं दिलं, यल्लमा देवीच्या जोगत्यानं दिलं. तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. एक गोष्ट मात्र तिन्हीकडे दिसते. नुसती ‘बाई’ कुणीच कल्पिली नाही. प्रत्येकानं अमुक घरातली, अमुक वयाची, अमुक ऐपतीची बाई कल्पिली. लुगडं निवडायचं म्हणजे आधी घर निवडावं लागतं.

सोयीसाठी आपण सातारा आणि सांगली अशी दोन नावं घेतो, पण आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे जुन्या माणसांच्या गोष्टी सांगताना ही सरहद्द मी फारशी पाळणार नाही.

नेसवणाऱ्याच्या अडचणीपासून सुरुवात करू, कारण कल्पना कितीही उंच गेली तरी शेवटी ती शरीरावरच बसवायची असते. पुरुषाचे खांदे रुंद, कंबरेखालचा भाग अरुंद, पंजे मोठे, गळ्यात कंठमणी वर आलेला. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, आणि ते या सगळ्या अडचणींवर जणू मुद्दाम बेतल्यासारखं बसतं. ब्राह्मणी नेसणीत निऱ्या आणि ओचा पोटाशी येतात, मागे काष्टा येतो, त्यामुळे कंबरेखाली नसलेला भरदारपणा कापडच आणतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की रुंदी झाकली जाते. गळ्याबरोबर चिंचपेटी किंवा ठुशी बसवली की कंठमणी दिसत नाही. पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत आणल्या की दंडाचे स्नायू लपतात. मनगटाच्या वर बांगड्या, त्यांच्या मागे गोठ-पाटल्या आणि दंडावर वाकी असली की हात तुकड्यातुकड्यांनी दिसतो आणि त्याची लांबी कमी भासते. चोळीत भर घालायचं काम सगळ्यांत सोपं. पंजांचं काय करायचं, ही मोठी पंचाईत. म्हणून मग हातात रुमाल येतो, पदराचं टोक येतं, फूल येतं. जुन्या स्त्रीपार्ट्यांचे फोटो पाहा. त्यांचे हात रिकामे क्वचितच सापडतील.

उजेडाचाही हिशेब होता. भाव्यांच्या काळात खेळ हिलालांच्या आणि दिवट्यांच्या उजेडात चालत. त्या हलत्या उजेडात इरकलीची बारीक चौकट शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, पण तिचा लालभडक टोपपदर पोचतो. जर चमकते, रुंद काठ दिसतो. चेहऱ्यावर सफेता आणि पिवडी असली की गडद रंग उठून दिसतात. रंगमंचावरच्या बाईला शालू-पैठणीची चटक लागली ती नटांच्या हौसेनं, तशीच दिव्यांच्या अपुरेपणानंही. विजेचे दिवे आल्यावर ही गरज संपली. चटक राहिली.

सातारकरांचा या गोष्टीत मोठा वाटा आहे, आणि तो दोन बाजूंनी आहे. १८८१ मध्ये निघालेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या नावातलं शाहूनगर म्हणजे सातारा. गद्य नाटकं करणारी ही कंपनी शेक्सपिअरसाठी गाजली. गणपतराव जोशी तिचे हॅम्लेट, आणि स्त्रीभूमिका करायला बाळाभाऊ जोग. त्यांची त्राटिका, म्हणजे शेक्सपिअरची भांडकुदळ नवरी, महाराष्ट्रभर ठाऊक होती. गंमत पाहा. लंडनमध्येही ही नवरी मूळची पोरानंच रंगवलेली, कारण तिथंही तेव्हा बायकांना रंगमंच बंद होता. एका देशातल्या झग्यातल्या पोराची भूमिका दुसऱ्या देशातल्या लुगड्यातल्या नटाकडे आली आणि मध्ये बाईचा कुठंच संबंध आला नाही. या कंपनीच्या हॅम्लेटचं मराठी, ‘विकारविलसित’, केलं होतं गोपाळ गणेश आगरकरांनी. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे.

हेच आगरकर ‘सुधारका’त बायकांच्या कपड्यांवर लिहीत होते. स्त्रियांनी जाकिटं घातलीच पाहिजेत, असा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. त्यावर गदारोळ झाला आणि व्हायचाच होता. मला यात एक विसंगती दिसते आणि ती मोठी बोलकी वाटते. घरातल्या खऱ्या बाईनं चोळीवर जाकीट घालावं की नाही, यावर पुरुष वर्तमानपत्रांतून भांडत होते, आणि त्याच काळात रंगमंचावरचा पुरुष दर खेळाला नवं पोलकं शिवून घेत होता, त्याला लेस लावत होता, काठ बदलत होता. त्याला कुणी अडवत नव्हतं. बाईच्या पोशाखात प्रयोग करायची मोकळीक बाईच्या आधी नटाला मिळाली.

ही मोकळीक ज्यानं पुरेपूर वापरली, तो कृष्णाकाठचाच. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८, गाव भिलवडीजवळचं नागठाणे. ‘बालगंधर्व’ हे नाव टिळकांनी दिल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यांचं नाटकातलं पदार्पण मिरजेत झालं, १९०५ साली, किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतला’त. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि किर्लोस्कर मंडळीतली नायिकेची जागा रिकामी झाली होती. ती भरायला आलेल्या या मुलाला तालीम दिली गोविंद बल्लाळ देवलांनी. देवल सांगलीशेजारच्या हरिपूरचे. पुढं ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ ही ज्यांची नाटकं बालगंधर्वांनी गाजवली, ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरही सांगलीचेच. नाटक लिहिणारा, बसवणारा आणि लुगडं नेसून उभा राहणारा असे तिघेही दहावीस मैलांच्या टापूतले.

‘मानापमान’ (१९११) आपल्या विषयासाठी फार सोयीचं नाटक आहे, कारण त्यात नायिका स्वतःच वेष बदलते. भामिनी श्रीमंताची मुलगी, गरीब धैर्यधराला तुच्छ लेखणारी. पुढं तीच वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्याजवळ राहते. म्हणजे एका पुरुषानं आधी श्रीमंत बाई कल्पायची आणि मग त्या श्रीमंत बाईनं कल्पिलेली गरीब बाई अंगावर चढवायची. दागिने उतरवले, जर गेली, रंग फिके झाले की वनमाला तयार व्हावी, असं वाटतं. पण श्रीमंतीत वाढलेली मुलगी गरिबाचं लुगडं नेसली तरी तिच्या निऱ्या चापूनचोपूनच येणार. पदर काम करताना खोचायची सवय तिला नसणार. प्रेक्षकांना भामिनी आवडली ती याच कारणानं, असं मला वाटतं. वनमालेतही तिचं घर लपत नव्हतं.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) हेच उलट दिशेनं होतं. सिंधू चांगल्या घरातली, नवऱ्याच्या दारूपायी दळण दळायची वेळ आलेली. तिथं बालगंधर्वांना शालू नेसून भागणार नव्हतं. जुनं, विटलेलं लुगडं नेसून जात्यावर बसलेली ही सिंधू पाहून थिएटरात रडारड व्हायची. आणि तरीही जाणकार प्रेक्षक कुजबुजत, की गरिबीतही सिंधू देखणीच दिसते. ही कुजबुज वाजवी होती. बालगंधर्वांनी कल्पिलेली बाई दुःखात पडली तरी गबाळी होत नसे. ती गबाळी झालेली त्यांना सोसतच नसावी.

‘गंधर्व नाटक मंडळी’ १९१३ मध्ये निघाली आणि या कल्पनेला तिजोरी मिळाली. भरजरी शालू, खरे दागिने, महागडं अत्तर. त्या अत्तराचा वास पुढच्या रांगांत दरवळत असे, असं जुने लोक सांगत. ‘द्रौपदी’च्या (१९२०) थाटामाटानं कंपनी कर्जात बुडाली. व्यवहारी माणसाला हा सगळा वेडेपणा वाटेल. पेटीतल्या नकली मोत्यांनीही काम भागलं असतं, कारण पाचव्या रांगेतून खरं-खोटं कुणाला कळतंय? पण मोती प्रेक्षकांसाठी नव्हतेच. मोत्यांची माळ गळ्यावर जड लागते, थंड लागते, मान थोडी वर राहते. नटाची मान वर राहायला हवी असेल तर खरी माळ उपयोगी पडते. बालगंधर्वांच्या खर्चाचा हिशेब त्यांच्या मानेच्या आणि खांद्यांच्या ठेवणीत शोधायला हवा, नाहीतर तो नुसता उधळेपणा वाटतो.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरांतल्या बायका त्यांचं अनुकरण करू लागल्या. पदर कसा घ्यायचा, खोपा कुठं बांधायचा, गजरा किती उतरता माळायचा, कुठल्या लुगड्यावर कुठला दागिना, हे त्या नाटकाला जाऊन पाहून येत. बालगंधर्व एकदा हळदीकुंकवाला जाऊन बसले आणि कुणाला पत्ताही लागला नाही, ही आख्यायिका खरी असो-नसो, लोकांना ती खरी वाटली हे महत्त्वाचं. आधी पुरुषानं वाड्यातली बाई पाहून आपली बाई घडवली, आणि मग वाड्यातल्या बायकांनी ती पाहून आपल्याला घडवलं. दोन-तीन दशकांत हे चक्र इतकं फिरलं, की मूळ कुणाचं नि नक्कल कुणाची हे शोधण्यात अर्थ उरला नाही.

गुजराती रंगभूमीवर असंच घडलं. बालगंधर्वांहून थोडे लहान असलेले जयशंकर भोजक १९०१ मध्ये ‘सौभाग्य सुंदरी’त नायिका झाले आणि आयुष्यभर ‘सुंदरी’ याच नावानं ओळखले गेले. त्यांच्याही साडीची नि चालण्याची नक्कल मुंबईच्या बायका करत. पहिल्यांदा पोशाख चढवून आरशात पाहिलं तेव्हा आपल्यातूनच एक देखणी तरुणी बाहेर आलेली दिसली, असा अनुभव त्यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे. असं मोकळेपणानं लिहिणारे नट फार थोडे. जपानमध्ये तर १६२९ मध्ये बायकांना काबुकीत बंदी झाल्यावर स्त्रीभूमिका हा पुरुषांचा पिढीजात धंदाच बनला, आणि योशिझावा आयामे या सतराव्या-अठराव्या शतकातल्या नटानं सल्ला देऊन ठेवला, की स्त्रीपार्टीनं घरीदारीही बाईसारखंच राहावं, नाहीतर रंगमंचावर ते जमणार नाही. आपल्याकडच्या मंडळींनी हा सल्ला मानला नाही. बालगंधर्व बाहेर कोट-टोपीतच वावरले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. पुरुषवेषातले गृहस्थ ओळखायला क्षणभर वेळ लागतो.

पुरुषवेषात आपण ओळखू येत नाही, हे त्यांनाही उमगलं असावं. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ झाले आणि प्रेक्षकांना ते रुचलं नाही. तोवर जग बदललं होतं. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आपल्या बहिणींना घेऊन नाटकात उतरल्या होत्या, १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रिया स्त्रीभूमिका करत होत्या, आणि प्रेक्षागृहातल्या बायका नऊवारी सोडून पाचवारीकडे वळत होत्या. साठी उलटलेले बालगंधर्व मात्र सिंधूच राहिले. त्यांची बाई १९११ च्या आसपास थांबली होती. याला हट्ट म्हणा हवं तर. मला वाटतं प्रत्येकाच्या मनातली बाई अशीच एका ठरावीक सालात थांबते, बहुधा तो दहा-वीस वर्षांचा असताना घरात वावरणाऱ्या बायका जे नेसत त्या सालात. दार लावून आरशापुढे उभं राहणारे, ना नट ना जोगते, असेही पुरुष सगळ्या गावांत असतात. त्यांच्याबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. त्यांच्याही मनात आजची फॅशन कमी आणि ट्रंकेतली जुनी साडी जास्त असावी, असा माझा अंदाज आहे.

सगळ्याच नटांनी हीच बाई कल्पिली असं मात्र नाही. सांगलीत बरीच वर्षं राहिलेले मास्टर दीनानाथ मंगेशकर ‘भावबंधना’त लतिका झाले, ‘रणदुंदुभि’त तेजस्विनी झाले. त्यांच्या बायका चपळ, तिखट. शालूच्या ओझ्याखाली वाकणाऱ्या नव्हेत. चिकोडीकडचे विष्णुपंत पागनीसही आधी स्त्रीपार्टी. तेच पुढं १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकाराम झाले आणि इतके मिसळून गेले, की आज त्यांना लुगड्यात कल्पणं अवघड जातं.

आता वाड्यातून फडावर जाऊ. तमाशातली मावशी अंगरखा-धोतरातच असते. उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेतलं, एक टोक दातात धरलं, कंबर एका अंगाला टाकली, की मावशी तयार. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, पेंद्या वाट अडवून बसलाय, आणि मिशाळ मावशी त्याच्याशी हुज्जत घालतेय. इथं बाई दिसावी अशी कुणाची अपेक्षाच नाही. बाई आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं. आठ मीटर जरीच्या कापडानं बालगंधर्व जे साधत, ते मावशी हातभर मळक्या उपरण्यानं साधते आणि वर हशा मिळवते. कारागिरी म्हणून मला मावशी तोलामोलाची वाटते. तिनं कल्पिलेली बाई गावातली आहे. साठीकडे झुकलेली, तोंडाळ, बाजाराला जाणाऱ्या पोरींवर नजर ठेवणारी. तिला दागिने नकोत.

नाच्याची गोष्ट वेगळी आणि जास्त दुखरी. बायका फडावर यायच्या आधी नाच्या पोऱ्याच लुगडं नेसून लावणीवर नाचायचा. रेठरे हरणाक्षचे शाहीर पठ्ठे बापूराव नाचणाऱ्या पवळेला घेऊन उभे राहिले, असे फड वाढत गेले आणि नाच्याकडून लुगडं गेलं. उरले ते हावभाव. मुरकणं, हात नाचवणं, गळ्यातला रुमाल. पुरुषाच्या कपड्यात बाईचे हावभाव. त्यामुळे त्याला बाईचा मानही नाही आणि पुरुषाचाही नाही. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत हा नाच्या इतका अचूक वठवला, की लोक त्यांनाही तसंच समजू लागले आणि त्याचा त्रास त्यांना झाला. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला (१९७८) गुणा राजा व्हायला निघतो आणि फडाची नड म्हणून नाच्या होतो. बालगंधर्वांच्या नावानं रंगमंदिरं उभी राहिली, गुणाच्या वाट्याला काय आलं ते कादंबरीत आहे. हा फरक कलेचा म्हणावा तर तसं नाही. एकानं वाड्यातली बाई निवडली, दुसऱ्याच्या अंगावर फडावरची बाई आली, आणि समाज दोघांशी त्या-त्या बाईशी वागतो तसाच वागला.

तिसरं उत्तर जोगत्याचं, आणि तिथं निवडीला फारशी जागाच नाही. जत, कवठेमहांकाळपासून पुढं अथणी, कोकटनूर आणि थेट सौंदत्तीपर्यंत यल्लमाचा मुलूख. जतची यात्रा मार्गशीर्षात भरते. डोक्यावर परडी किंवा देवीचा जग, कपाळभर भंडारा, हातात चौंडकं, अंगावर साडी असे जोगते त्यात दिसतात. कुणाच्या केसांत लहानपणी जट आली म्हणून घरच्यांनी सोडलेलं, कुणाची चाल-बोली लहानपणापासून बायकी म्हणून ‘देवीनं बोलावलं’ असं ठरवलेलं, कुणी स्वतःहून देवीकडे आलेलं. एकदा आलं की नेसायचं ते देवीचं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, गळ्यात कवड्यांची नि मण्यांची माळ.

नटाचं लुगडं नाटकाप्रमाणे बदलतं. जोगत्याचं बदलतं ते पंचांगाप्रमाणे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, रांडाव पुनवेला, देवीचा नवरा जमदग्नी जातो आणि देवी विधवा होते. त्या दिवशी बांगड्या फोडल्या जातात. माघातल्या अहेव पुनवेला देवी पुन्हा सवाष्ण होते आणि हातात हिरव्या बांगड्या चढतात. वर्षातले हे दोन महिने रिकामे हात घेऊन काढणाऱ्या पुरुषानं बाईपणाचा जो भाग अंगावर घेतला, तो कुठल्याही स्त्रीपार्टीच्या वाट्याला आला नाही. वैधव्य. सिंधू रोज पडदा पडला की पेटीतून दुसरं लुगडं काढत होती.

या जगावर लिहिणारे दोन लेखक याच भागातले. गडहिंग्लजकडच्या राजन गवसांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या लिहिल्या, कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावच्या चारुता सागरांनी ‘दर्शन’ ही कथा. या तिन्हींवरून राजीव पाटलांनी २००९ मध्ये ‘जोगवा’ चित्रपट केला, आणि त्यातल्या साडीतल्या तायप्पासाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तायप्पाला साडी नको आहे, हे त्या चित्रपटाचं दुखणं. पण यात्रेत असेही भेटतात ज्यांना देवीच्या निमित्तानं का होईना साडी मिळाली, आणि ती काढून ठेवायची वेळ येऊ नये असं ज्यांना वाटतं. एकाच हिरव्या लुगड्यात ही दोन्ही माणसं शेजारी शेजारी बसलेली असतात. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात २००५ चा कायदा झाला. मुलांना असं सोडणं थांबलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण दुसऱ्या प्रकारच्या माणसानं साडी कुठल्या नावानं नेसायची, याचं उत्तर त्या कायद्यात नाही. ते थोडंफार मिळालं सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात, ज्यानं आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून ‘मुस्कान’ हा पुरुष आणि तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांचा गट उभा राहिला, तो या निकालाच्या बराच आधी.

बालगंधर्वांची बाई मात्र अजून बाजारात आहे. २०११ मध्ये रवी जाधवांनी ‘बालगंधर्व’ चित्रपट काढला. सुबोध भावे यांना त्यात नऊवारीत उभं करणाऱ्या नीता लुल्ला यांना वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे शंभर वर्षांनी त्या पुरुषाला काय नेसवायचं हे एका बाईनं ठरवलं. पाडव्याच्या शोभायात्रा पाहा. नोकरी करणाऱ्या, एरवी कुर्ता-जीन्समध्ये असणाऱ्या मुली त्या दिवशी शिवलेली नऊवारी चढवतात, मोत्यांची नथ, चंद्रकोर, खोपा, गजरा. आजीनं ती रोजच्या कामाला नेसली होती, विटलेली, गुडघ्यापर्यंत खोचलेली. नात नेसते ती आजीची नव्हे, भामिनीची. शिवलेल्या नऊवारीला नाडी असते आणि मापं असतात, त्यामुळे ती नेसवायला मागे कुणी उभं राहावं लागत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी म्हणून ती नेणारी पोरंही असतात, आणि दुकानदार कारण विचारत बसत नाही.

साताऱ्याच्या खण आळीत साडीच्या दुकानात बसलं तर आणखी एक गोष्ट दिसते, इतकी रोजची की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गादीवर उभा असलेला विक्रेता साडी उलगडतो, चार बोटांवर झरझर निऱ्या घेतो, पँटच्या पट्ट्यात खोचतो, पदर खांद्यावर टाकतो आणि गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभा राहतो. त्याला मिशा असतात, खिशात पेन असतो. समोरची बाई त्याच्याकडे बघत नाही, साडीकडे बघते.

“वहिनी, पदर असा एकेरी सोडा, काठ पुरता दिसतो. दुहेरी घेतला की नक्षी आत गेली.”

“मला नाही जमत सोडलेला. स्वयंपाकघरात आडवा येतो.”

“मग ही घ्या, पदर लहान आहे.” आणि दुसरी साडी त्याच्या अंगावर.

गिऱ्हाईक गेल्यावर घड्या घालत असताना मी त्याला विचारलं, की एवढ्या साड्या रोज अंगावर टाकता, यातली तुम्हाला स्वतःला कुठली आवडते? प्रश्न विचित्र आहे असं त्याच्या चेहऱ्यावर अजिबात आलं नाही. त्यानं कप्प्याकडे नजर टाकली.

“ती गडद जांभळी, बारीक काठाची,” तो म्हणाला. “रुंद काठ उंच माणसाला शोभतो. माझी उंची कमी.”